डाव्या पाट्याचा कान

अर्विला श्रॉकला जिना चढताना पाहिलं, तर कुणीही तिचं वय दहा वर्षांनी जास्त धरलं असतं. होती अठ्ठावन्नचीच, पण गुडघे पार कामातून गेलेले. इंडियानात नॅपनी गावाजवळच्या एका ट्रेलर-कारखान्यात तिनं चोवीस वर्षं छपरं शिवली. 'शिवली' हा तिचाच शब्द. चाकांवरच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या, की अर्विला आणि तिचा जोडीदार लाइल बॉनट्रेगर वर चढायचे, रबराची चादर ताणायचे, कडेनं पट्टी ठोकायचे आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पाणी अडवणाऱ्या सीलंटचा थर द्यायचे. सगळं रांगत, गुडघ्यांवर.

कारखान्याचा शिरस्ता असा, की दिवसाला ठरलेले ट्रेलर बाहेर पडले की सुट्टी. पहाटे पाचला सुरुवात व्हायची. लोक धावले तर बाराला मोकळे. त्यामुळे धावायचे सगळेच. एका नोव्हेंबरात सीलंट संपलं. गोदामातून नवं आणायला पंधरा मिनिटं लागणार आणि खालून मुकादम ओरडतोय, "चला, चला, पुढे सरकवा!" अर्विलानं समोरच्या कडेचे अकरा स्क्रू उघडेच सोडले. लाइलनं पाहिलं, बोलला काही नाही. रबराच्या कडेखाली तिनं सवयीप्रमाणे काळ्या पेननं आपली अक्षरं लिहिली, ए. एस., आणि ट्रेलर पुढे गेला.

सात वर्षांनी गोशेनच्या जत्रेत एका कुटुंबाचा ट्रेलर उभा होता. पुढची भिंत कुजून फुगलेली, पलंगावर बादली ठेवलेली, शेजारी एक म्हातारी अंगाभोवती गोधडी लपेटून बसलेली. अर्विला मदत करायला म्हणून शिडीवर चढली, रबर उचकटलं आणि आपलीच अक्षरं वाचून खाली आली. त्या लोकांना तिनं काही सांगितलं नाही. सीलंटच्या दोन नळ्या आणून रात्र पडायच्या आत जमेल तेवढं बुजवून दिलं. त्यांनी आभार मानले, पाव आणि सफरचंदाचा मुरंबा दिला. तो मुरंबा तिच्या घशाखाली उतरला नाही.

पुढच्या महिन्यात तिनं नोकरी सोडली आणि उलटं काम धरलं. नवा ट्रेलर घेणारी माणसं लांबून येतात. आयुष्यभराची पुंजी घालतात आणि चकचकीत पडदे बघून सही करतात. त्या सहीच्या आधी अर्विला जायची. पाणी सोडून बघायची, विजेचं एकेक टोक तपासायची, गॅसचा दाब मोजायची, छपरावर रांगायची, शेवटी पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरायची. विक्रेत्यांना ती डोळ्यांसमोर नको असायची. दोन आवारांनी तर तिला फाटकातूनच परत पाठवायला सुरुवात केली होती.

कोरिन प्रुइटचा फोन आला तो एप्रिलमधल्या एका सोमवारी.

"अर्विलाबाई का? माझं नाव कोरिन. टेरे हॉटहून बोलतेय. बुधवारी आमचा ट्रेलर बघाल का? बुधवारीच हं. गुरुवार चालणार नाही."

"एवढी घाई कसली?"

"घर विकलंय. उद्या, मंगळवारी, चावी द्यायची. नवरा आजारी आहे, फुप्फुसं गेलीत त्याची. डॉक्टर म्हणाले, न्यायचं असेल तर याच महिन्यात न्या. मुलगी न्यू मेक्सिकोत घोड्यांच्या कुरणावर कामाला आहे, मालकानं तिला एकच खोली दिलीय. पण अंगणात ट्रेलर लावा म्हणाला, विजेची जोडणीही देतो म्हणाला. तिथून चाळीस मैलांत भाड्यानं घर नाही हो. म्हणून हे चाकांवरचं."

"गाडी ओढणार कोण?"

"मीच की! महिनाभर भावाचा गवताचा ट्रेलर जोडून सराव केलाय. मागे घेताना फक्त दोनदा कुंपण पाडलं."

बुधवारी सकाळी नऊला आवारात बोचरा वारा होता. खडीवर पाणी साचलेलं. प्रुइट नवराबायकोचा पिकअप सामानानं ठासून भरला होता: गोधड्या, आरामखुर्ची, कागदी पेल्यांत लावलेली टोमॅटोची रोपं. कोरिन सदुसष्टची, किडकिडीत, पायात पांढरे कापडी बूट. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेला, त्यामुळे आवाज खणखणीत. ड्वाइट पुढच्या आसनावर बसून होता. नाकात नळी, मांडीवर ऑक्सिजनचं छोटं यंत्र. ते दर श्वासाला टक् करायचं. त्यानं काचेतून हात हलवला.

विक्रेता ब्रेंट किसिंजर हातात कॉफी घेऊन आला. "अर्विला! अजून गुडघे टिकून आहेत वाटतं? बाई, ट्रेलर आहे, रॉकेट नाही. लवकर आटपा, यांना लांब जायचंय."

"तुमची कॉफी संपेपर्यंत तर होत नाही," अर्विला म्हणाली.

आवारात दुरुस्तीचा प्रमुख होता लाइल बॉनट्रेगर. तोच, छपरावरचा. कारखाना सोडून त्याला इथे सहा वर्षं झाली होती. त्यानं मान हलवली आणि शिडी आणून लावली.

छप्पर चांगलं निघालं. अर्विलानं एकेक शिवण बोटानं चाचपली आणि तिला बरं वाटलं. खालच्या नळाची जोडणी गळत होती. लाइलनं ती आवळून दिली. स्वयंपाकघरातल्या एका बटणाच्या तारा उलट्या लावलेल्या, त्या फिरवल्या. कोरिन वही घेऊन मागे मागे, प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण करत. मध्येच ती पलंगावर आडवी झाली, ड्वाइट जिथे झोपणार त्या बाजूला.

"बघा ना अर्विलाबाई, दोन्ही बाजूंनी जाता येतं, म्हणून हाच घेतला. दारही रुंद आहे, चाकाची खुर्ची आत येते. इथे डोकं ठेवलं की खिडकीतून घोडे दिसणार त्याला. जनेल म्हणाली, सकाळी कुंपणापर्यंत येतात. हा मेला आयुष्यभर लोखंडात राबला, घोडा कधी जवळून पाहिला नाही."

मग गॅसचा दाब लावला. काटा दहा मिनिटांत खाली आला.

कोरिनचा चेहरा पडला. "म्हणजे?"

"गळतोय कुठेतरी. आणि तुमच्याकडे ऑक्सिजन. हे असं चालणार नाही."

"मी शेगडी पेटवणारच नाही! डब्यातलं खाऊ."

"रात्री हीटर लागेल ना? तोही गॅसवरच आहे."

लाइल शेगडीखाली शिरला. साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधला, जोड उघडून नव्यानं बसवला. परत दाब लावला. काटा हलला नाही. पंधरा मिनिटं सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले, तरी हलला नाही. कोरिननं लाइलला मिठी मारली. "तुझ्या आईनं तुला चांगलं वाढवलंय रे बाबा!" लाइलचे कान लाल झाले.

उरलं फक्त गाडीखालचं. अर्विलानं पुठ्ठा अंथरला, पाठीवर सरकत आत गेली. उजवी बाजू नीट होती. डावीकडे पुढचा पाटा, म्हणजे चाकाला झेलणारी स्प्रिंग, नीट. मागच्या पाट्याला चासीशी धरून ठेवणारा लोखंडी कान असतो, तिथे विजेरीच्या उजेडात तिला रंगावर केसाएवढी रेघ दिसली. तिनं तारेच्या ब्रशनं रंग काढला. रेघ खाली लोखंडातही होती. फट मोजायच्या पट्ट्यांच्या जुडग्यातली सगळ्यात पातळ पट्टी तिनं त्यात घातली. पट्टी आत गेली. मग त्याहून जाड घातली. तीही गेली.

वेल्डिंग धरलंच नव्हतं. कान नुसता वरच्या बाजूनं चिकटलेला होता.

ती तशीच पडून राहिली. पुठ्ठ्यातून पाणी पाठीला लागत होतं. गाडीच्या कडेखालून तिला कोरिनचे पांढरे बूट दिसत होते. कोरिन काहीतरी गुणगुणत होती आणि टाच तालावर आपटत होती. अर्विलाच्या मनात आलं, रंगाचा डबा लाइलकडे असतोच. आपण बाहेर जायचं, हात पुसायचे आणि 'झालं' म्हणायचं. चौदाशे मैल तर जायचंय. एकदा तिथे पोचले की ट्रेलर जागचा हलायचा नाही. टिकेलही कदाचित. असे कितीतरी टिकतात. तिनं डोळे मिटले. देवाजवळ काय मागावं तेही तिला सुचेना. शेवटी ती बाहेर सरकली.

"कोरिनबाई, हा ट्रेलर रस्त्यावर नेता येणार नाही."

कोरिन हसली. तिला ती थट्टा वाटली. मग तिचं हसू तोंडावरच वाळून गेलं.

लाइल वाकून बघून आला. ब्रेंटला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "रंगाला चीर आहे, एवढंच." आणि अर्विलाच्या जवळून जाताना पुटपुटला, "अहवालात लिहू नकोस गं. याच खेपेतले नऊ उभे आहेत आवारात. तू लिहिलंस तर हा तुला परत पाय ठेवू देणार नाही, आणि मलाही घालवेल."

"पट्टी आत जाते, लाइल."

"माहितीय मला."

ब्रेंट आता गोड बोलेना. "दुरुस्तीला कंपनीकडे पाठवावा लागेल. तीन आठवडे, कमीत कमी. दुसरा अशाच दाराचा माझ्याकडे नाही, मागवायला दीड महिना. पण बाई, खरेदी तुमची आहे, हिची नाही. तुम्ही सही केलीत तर आत्ता जोडून देतो."

कोरिननं त्याच्याच टेबलावरून दोन वेल्डिंगवाल्यांना फोन लावले. एक म्हणाला, नव्या चासीला कंपनीच्या पत्राशिवाय मी हात लावत नाही. दुसरा म्हणाला, चाकांचा आस उतरवावा लागेल, पुढच्या आठवड्याच्या आत नाही. तिनं फोन ठेवला आणि अर्विलाकडे वळली.

"मी हळू चालवीन. ताशी चाळीस मैल. महामार्गानं जाणारच नाही."

"कान सुटला तर चाक आत येतं. हळू असो की जोरात. मग ट्रेलर पिकअपलाही घेऊन जातो."

"सुटला तर! सुटेलच असं आहे का?"

"नाही. तसं मी सांगू शकत नाही."

"मग कशाला सांगता?" कोरिनचा आवाज फाटला. "बाई, मला घर नाही! कळतंय का? काल चावी दिली. रात्री मोटेलात त्याला खोकताना ऐकत बसले. हे यंत्र चार तास चालतं, मग त्याला विजेला लावायला लागतं. मी त्याला कुठे लावू? झाडाला? तुझं काय जातंय गं? तू आपली कागद भरून घरी जाशील!"

तिनं ब्रेंटकडे हात पुढे केला. "द्या तो कागद."

ब्रेंटनं पेन दिलं.

अर्विला वळली आणि पिकअपकडे चालायला लागली. मागून कोरिन ओरडली, "त्याला सांगायचं नाही! अर्विलाबाई! त्याला काही सांगायचं नाही!" जिनं कामाला बोलावलं तिच्याच मनाविरुद्ध आपण जातोय, हे अर्विलाला कळत होतं. तरी पाय थांबले नाहीत.

ड्वाइटनं काच खाली केली. "काय सापडलं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही खालून बाहेर यायला फार वेळ लावलात." तो श्वासासाठी थांबला. यंत्र टक् टक् करत होतं. "एकतीस वर्षं रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासले मी. काही नसलं की माणूस चटकन बाहेर येतो."

तिनं सांगितलं.

"दाखवा मला."

पिकअपपासून ट्रेलरपर्यंत पन्नासएक पावलं असतील. ड्वाइट तीनदा थांबला. अर्विलाच्या खांद्यावर त्याचा हात होता, आणि तो इतका हलका होता की तिला भीती वाटली. कोरिन धावत आली, "अरे वेड्या, वारा बघ केवढा आहे!" आणि तिनं अंगातलं जाकीट काढून त्याच्या पाठीवर टाकलं. त्याला वाकता येईना. अर्विलानं दांडीचा आरसा गाडीखाली धरला आणि दुसऱ्या हातानं विजेरी. ड्वाइट चाकाला टेकून आरशात बघत राहिला.

"पट्टी घाला बघू."

तिनं घातली.

"हं." त्यानं डोळे पुसले, वाऱ्यानं पाणी आलं होतं. "आमच्याकडे असा डबा आला की चिठ्ठी लावायची. बाद. मग स्टेशनमास्तर येवो की खुद्द साहेब येवो, चिठ्ठी काढायची नाही."

"ड्वाइट," कोरिन म्हणाली, "हा डबा नाही. हे आपलं घर आहे."

"चाकं आहेत ना त्याला?"

"जनेल वाट बघतेय. तिनं पडदे शिवलेत."

"तू एकटी ते ओढणार. मी शेजारी नुसता बसणार. काही झालं तर मला उतरून तुला बाहेरसुद्धा काढता येणार नाही." एवढं बोलून त्याला धाप लागली. मग तो म्हणाला, "सही नको करूस, कोरी."

कोरिननं पेन खडीवर फेकलं. मग ती खाली बसली, तिथंच, पाण्यात. "मग मी कुठे नेऊ तुला? एवढं सांग. मी करते, काहीही करते, पण कुठे नेऊ ते सांग."

ड्वाइटनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

अर्विला त्या दिवशी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. तिनं लग्न केलं नव्हतं; आई जाईपर्यंत दोघी एकत्र राहत. आईची तळमजल्यावरची मागची खोली तशीच होती, वर-खाली होणारा पलंग, भिंतीला धरायच्या दांड्या. खोलीत शिरल्यावर कोरिननं आधी भिंतीतला प्लग शोधला, यंत्र लावलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"तीन आठवडे," अर्विला म्हणाली. "मी रोज फोन करत राहीन त्यांना."

"तू काही करू नकोस आता," कोरिन म्हणाली. "बरंच केलंस."

ट्रेलर दुरुस्तीला गेलाच नाही. ब्रेंट आज म्हणायचा उद्या पाठवतो, उद्या म्हणायचा कंपनीचं उत्तर आलं नाही. अर्विला फाटकाशी गेली तर तिला आत सोडलं नाही. दहाव्या दिवशी लाइल तिच्या घरी आला. डोक्यावरची टोपी काढून उंबऱ्यातच उभा. "अजून तिथेच आहे तो," त्यानं सांगितलं. "पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत नेलाय, एवढंच." कोरिननं ते स्वयंपाकघरातून ऐकलं. त्याच संध्याकाळी तिनं व्यवहार मोडला. पैसे परत मिळाले, पण भांडून, चर्चमधल्या एका वकिलानं पत्र लिहिल्यावर.

ड्वाइट मात्र त्या घरात रुळला. चर्चच्या दोन बायका शिजवलेली कोंबडी आणून द्यायच्या, अर्विला घरी अंड्याच्या शेवया करून दोन्ही कुस्करलेल्या बटाट्यांवर वाढायची. तो दोन घास खायचा आणि तिन्ही बायकांची निरनिराळी तारीफ करायचा. दुपारी अर्विलाला बोलावून घ्यायचा.

"तुमच्या कारखान्यात तपासनीस नव्हता का हो?"

"होता. पण तोही धावायचा."

"आमचाही साहेब म्हणायचा, गाडी सोड, गाडी सोड. एकदा सोडली मी." तो थांबला. "काही झालं नाही. पण झोप गेली ना."

अर्विलानं त्याला जत्रेतल्या ट्रेलरची गोष्ट सांगितली. तोपर्यंत ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "मुरंबा खायला हवा होता. त्यांनी मनापासून दिला होता."

दोघांचं हे बोलणं कोरिनला खपायचं नाही. ती खोलीत आली की अर्विला उठायची. स्वयंपाकघरात दोघी एकमेकींकडे पाठ करून काम करायच्या. एकदा बशी पुसता पुसता कोरिन म्हणाली, "तू चांगली आहेस. मला दिसतं ते. आणि तुझा चेहरा मला बघवत नाही. दोन्ही खरं आहे."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ड्वाइटला ताप आला. गोशेनच्या डॉक्टरनं तपासलं आणि कोरिनला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, आता प्रवासाचं मनात आणू नका. कोरिननं जनेलला फोन केला. "तू ये," एवढंच म्हणाली. जनेलकडे गाडी होती ती मालकाची; ती बस बदलत बदलत दोन दिवसांनी पोचली. घोड्यांचा वास अंगाला तसाच, हातात कागदाची पिशवी. पिशवीत शिवलेले पडदे होते, पिवळे, लहान खिडकीच्या मापाचे. त्या मागच्या खोलीच्या खिडकीला ते तोकडे पडले, तरी जनेलनं टाचण्यांनी लावले.

बापानं मुलीला ओळखलं. "घोडे कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"त्यातली एक घोडी तुझ्यासारखी आहे. कुणाचं ऐकत नाही."

"मग तिला आई सांभाळेल," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला श्वास थांबला आणि यंत्राचं टक् टकही. कोरिननं यंत्र बंद करू दिलं नाही. तासभर ते तसंच घरघरत होतं. शेवटी जनेलनं आईचा हात धरला आणि अर्विलानं खटका दाबला.

दफन टेरे हॉटला झालं. अर्विला मागच्या बाकावर बसली होती. कोरिन मुलीबरोबर न्यू मेक्सिकोला गेली, ट्रेलरशिवाय. जनेलच्या त्या एका खोलीत आता दोघी राहणार होत्या. निघताना तिनं पिकअपची काच खाली केली. "त्या दिवशी निघालो असतो ना," ती म्हणाली, "तर चौथ्या दिवशी पोचलो असतो. त्यानं कुंपणाशी घोडे बघितले असते. नंतर मेला असता तर मेला असता." अर्विलाला वाटलं, खरंच तसं झालं असतं. किंवा मिसूरीतल्या कुठल्यातरी उतारावर दोघंही संपली असती. तिच्याजवळ यातलं काहीच सिद्ध करायला नव्हतं.

जूनमध्ये तो ट्रेलर विकला गेला. लाइलनंच सांगितलं: ओहायोचं एक जोडपं, दोन लहान मुली. कान नीट केला का, हे अर्विलानं तीनदा विचारलं. लाइल म्हणाला, त्यानं सुट्टीच्या दिवशी स्वतः जॅक लावून, गावातल्या एकाला हाताशी धरून वेल्डिंग करून घेतलं, ब्रेंटला न सांगता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खरं बोलत होता की तिची समजूत काढत होता, ते तिला ओळखता येईना. चोवीस वर्षं शेजारी रांगूनसुद्धा येईना. त्या आवाराचं फाटक तिला कायमचं बंद झालं, आणि पाहता पाहता आणखी तिघांचं. आता तिला आडगावच्या लहान विक्रेत्यांकडेच काम मिळायचं, महिन्यातून दोनदा, कधी एकदा.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ती व्हरांड्यात गुडघ्यांना शेक देत बसली असताना फोन वाजला.

"मी कोरिन."

"कशा आहात?"

"उकडतंय. माशा आहेत. घोडी चावली परवा." पलीकडे कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला. "एक विचारायचंय. खरं सांग. तो कान सुटला असता का?"

अर्विलानं शेकाची पिशवी बाजूला ठेवली. हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. एक शब्द होता आणि तो ऐकायलाच बाई चौदाशे मैलांवरून बोलत होती.

"मला माहीत नाही, कोरिनबाई."

पलीकडे बादली पुन्हा आपटली.

"आज तरी खोटं बोलायचं होतंस," कोरिन म्हणाली.

"हो."

"त्यानंही हेच उत्तर दिलं असतं. मेला." तिचा आवाज घोगरा झाला. "मला त्याचा फार राग येतो गं. तुझा येतो तो परवडला. तो स्वतःच 'बाद' म्हणाला आणि गेला, आणि मी इथे बसलेय."

कोरिननं फोन ठेवला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, एक इंडियानात, एक न्यू मेक्सिकोत. मग कोरिन म्हणाली, तुझ्या त्या शेवयांच्या पिठात अंडी किती घालतेस ते सांग, जनेलला आवडल्या होत्या.